न पाजलेलं पाणी

बोरगाव फाट्यावर उतरलात तर दोन दुकानं दिसतील. एक माझं, पंक्चरचं. दुसरं पार्वतीबाईचं, चहाचं. माझ्याकडं कायम कोणी ना कोणी चाक काढून बसलेलं असतं. तिच्याकडं तुमाला बहुतेक कोणी दिसणार न्हाई. म्हणून चहा वाईट आसंल असं समजू नका. आद्रक ठेचून टाकते, दुधात पाणी मारत न्हाई, कप दोनदा विसळते. लातूर-नांदेड हायवेला दुसरीकडं असा चहा दाखवा, मी हवेच्या मशीनीसकट तुमच्या दारात येऊन बसतो. तरी तिचं बाकडं रिकामं. माझं गिऱ्हाईक उन्हात ताटकळत उभं राहतं, पण तिथं टेकत न्हाई. बाहेरगावचे ट्रकवाले कधीमधी पितात, त्यांना काय म्हाईत. गावातलं माणूस मात्र न्हाई. मी एकटा दिवसभर पितो. माझी बायको अंजू म्हणते, "तुमच्या पोटात आता आतडी राह्यली न्हाईत, नुसती चहापत्ती हाय." असू दे म्हणलं. रिकाम्या बाकड्याकडं तोंड करून बसलेली बाई मला दिवसभर समोर दिसते. ते बघवत न्हाई, म्हणून पितो.

हे कशापायी झालं ते सांगतो. गावात विचाराल तर दुसरंच ऐकायला मिळंल, म्हणून आधी माझं ऐका. मी भीमाशंकर. गाव मला अप्पा म्हणतं. ज्या पोराच्या मरणावरून हे सगळं झालं तो वीरेश माझ्या चुलतभावाचा लेक, माझा पुतण्या. तरी मी पार्वतीबाईची बाजू घेतो, म्हणून आमची भावकी माझ्याकडं बघून तोंड वाकडं करती. करू द्या. माझं तोंड आधीपासूनच वाकडं हाय.

पार्वतीबाई बौद्धवाड्यातली. नवरा साहेबराव ट्रकवर ड्रायव्हर होता. मोठा हसतमुख माणूस, फाट्यावर उतरला की लांबूनच हाळी द्यायचा. तो ह्याच फाट्यावर गेला. ट्रक मालकाकडं सोडून एसटीनं आला, उतरला, रस्ता ओलांडून राह्यला होता आन एका जीपनं उडवला. आता आपल्याकडं माणूस पडला की लोक पहिलं काय वरडतात? पाणी आणा, पाणी पाजा. माणूस शुद्धीत हाय का न्हाई, कोणी बघत न्हाई. पार्वतीबाई दुकानातून पळत गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आन तांब्या तोंडाला लावला. त्यानं घोट घेतल्यासारखं केलं, मग ठसका, मग घरघर, आन गेला. लोक म्हणले, नशीबवान. बायकोच्या मांडीवर, बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला. त्या एका वाक्यावर बाईनं पुढची वर्षं काढली. पोरं मोठी केली. प्रीतम चाकणला कंपनीत लागला, मनिषाला नांदेडला दिलं. कधी डोळे भरून आले तर मला म्हणायची, "अप्पा, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले ते." मी हाव म्हणायचो.

मग हायवे रुंद झाला. गाड्या बेफाम सुटल्या आन रोज कुठं ना कुठं माणूस मरायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर ठेवलं, हायवेला ज्यांची दुकानं हायत त्यांच्यासाठी. धाबेवाले, पंपावरची पोरं, आमी दोघं. मी इमानदारीनं सांगतो, मी जेवणाला गेल्तो. गुलाबजाम होते. लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर उज्वला मॅडम शिकवायला आल्त्या. रक्त येतंय तिथं कापड दाबून धरा, मान वाकवू नका, मुटकुळं करून रिक्षात कोंबू नका. आन पाणी पाजू नका. बेशुद्ध माणसाचं पाणी श्वासनळीत जातं, आन शुद्धीतल्याला ऑपरेशन लागणार आसंल तर भरल्या पोटानं भूल देताना जीव जातो. मी अर्धवट झोपेत होतो. पार्वतीबाई उभी राह्यली.

"मॅडम, बेशुद्ध माणसाला तांब्याभर पाजलं तर?"

"गुदमरतो," मॅडम म्हणल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. "कितीतरी वेळा जखमेतून वाचणारा माणूस आपल्या पाण्यानं जातो."

बाई खाली बसली. परत येताना जीपमधी मी गुलाबजामचं काहीतरी बोललो, तर म्हणली, "अप्पा, आज नको." मग काही दिवस दुकान उघडलं न्हाई. माझ्या बायकोनं जाऊन बघितलं तर अंधारात भिंतीला टेकून बसलेली. साहेबराव तिला त्या दिवशी नव्यानं मेला. पहिल्या वेळी निदान रडायला गाव जमलं होतं. ह्या वेळी तिला एकटीलाच कळलं होतं, आन सांगावं तर कोणाला सांगावं.

परत आली ती मात्र वेगळीच. जुन्या सुती लुगड्यांच्या पट्ट्या फाडून, धुऊन, डब्यात भरून ठेवल्या. फाट्यावर मोटरसायकल घसरली तरी चहा उतू जाऊ देऊन पळायची. कोणी बाटली घेऊन पुढं आलं की हात धरायची, "पाणी न्हाई." पोरं चेष्टेनं डॉक्टरीणबाई म्हणायची. तिला त्याचं काही वाटायचं न्हाई. माझ्या मते ती प्रत्येक वेळी साहेबरावाच्याच तोंडापासून तांब्या बाजूला करत होती.

आता अपघाताचं सांगतो. दोन वर्षांमागं, कारखाने सुरू झाल्ते तेव्हाची गोष्ट. आमच्या भावकीतल्या एका पोरासाठी उदगीरच्या पोरीला कुंकू लावायला मंडळी गेल्ती. पुरुष माणसं पिकअपमधी मागं उभी, बाया जीपमधी. मला दुकान सोडता येईना म्हणून मी राह्यलो. दुपार कलली होती, मंडळी परत येऊन राह्यली होती. फाट्याच्या अलीकडं चढ हाय. त्या चढावर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, काठोकाठ भरलेल्या. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली आन ती उलटी खाली सुटली. मागं पिकअप. ड्रायव्हरनं बाजूला घ्यायला बघितलं, तोवर पिकअप आडवी झाली आन ट्रॉलीतला सगळा ऊस माणसांवर.

मी जॅक घेऊन पळालो. पार्वतीबाई डबा घेऊन माझ्या पुढं. उसाखालून हात दिसतात, चप्पल दिसती, वरडणं ऐकू येतं, आन ऊस उपसावा तेवढा खाली ऊसच. हात सोलून निघाले. मी ज्याचा आवाज येईल तिकडं धावत होतो. ती म्हणली, "अप्पा, वरडून राह्यले त्यांच्यात जीव हाय. गप हायत ते आधी बघा." एकाची मांडी फाटलेली, तिनं पट्ट्या कोंबून माझा हात त्याच्यावर ठेवला आन सांगितलं, "मी म्हणल्याशिवाय उचलायचा न्हाई." मग मी तसाच बसून राह्यलो, त्या माणसाच्या मांडीवर सगळा भार टाकून. म्हणून पुढचं सगळं मी बसल्या जागेवरून बघितलं.

वीरेशला पोरांनी ओढून काढला आन माझ्यापासून हातभर अंतरावर दगडाला टेकवून बसवला. कपाळाला खरचटलेलं, बाकी रक्ताचा थेंब न्हाई. मी म्हणलं, चला, आपलं पोरगं वाचलं. आयटीआय झालेलं, बावीस वर्षांचं, धडधाकट. पण तोंड पांढरंफटक. मला म्हणला, "काका, पाणी द्या."

मी पार्वतीबाईकडं बघितलं. ती गुडघ्यावर आली, त्याच्या पोटाला हात लावला. पोट फळीसारखं टणक झालं होतं. "न्हाई," ती म्हणली. "ह्याला ऑपरेशन लागंल. ह्याला पाणी द्यायचं न्हाई."

"काका, घोटभर."

"थांब बाळा, गाडी येऊन राह्यली," ती म्हणली. त्याला थंडी वाजायला लागली तसा तिनं खांद्यावरचा टॉवेल त्याच्या अंगावर टाकला. इकडं दुसऱ्याकडं जायची, परत त्याच्यापाशी यायची. दर वेळी तो पाणी मागायचा आन दर वेळी ती न्हाई म्हणायची.

तेवढ्यात बायांची जीप पोचली. वीरेशची आई महानंदा, माझी वहिनी, उडी मारून आली. हातात पाण्याची बाटली. तिनं टोपण काढलं, पोराच्या तोंडाला बाटली लावणार तर पार्वतीबाईनं तिचं मनगट धरलं. "पाजू नका. दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन करतील, पाणी पोटात गेलं तर जीव जाईल." वहिनीला काय ऐकू येणार. तिनं हिसका दिला, हिनं सोडला न्हाई. दोघींच्या झटापटीत बाटली पडली आन सगळं पाणी मातीत गेलं. वीरेश त्या ओल्या मातीकडं बघत होता. मला ते बघणं अजून विसरता आलं न्हाई.

पहिली एकशे आठ आली. त्याला आधी घातला, वहिनी पुढं ड्रायव्हरच्या बाजूला बसली. मग चाकूरची गाडी आली, अहमदपूरची आली, बाकीचे जीपमधी नेले. चाकूर मागं पडलं आन पोरगं गेलं. लातूर दिसलंच न्हाई त्याला. माझ्या हाताखालचा तो मांडीवाला वाचला, आणखी पाच-सहा वाचले. पण त्याचं कोण बोलतंय.

कोणी भांडायला आलं न्हाई. कोणी शिवीबी दिली न्हाई. आलं असतं तर बरं झालं असतं, मीबी दोन दिल्या असत्या. नुसते लोक यायचे बंद झाले. वीरेशच्या दिवसकार्याला, आमच्यातल्या शिवगणाराधनेला, वहिनी एवढंच म्हणली, "माझं लेकरू तहानलेलं गेलं, आन त्या बाईनं माझा हात धरला." झालं. तेवढं पुरलं. सोसायटीचा चेअरमन अमृतराव, त्याच्या जिभेला तर हाडच न्हाई. त्यानं ओट्यावर बसून काढलं की, आपल्या आज्यापंज्यांनी त्यांना विहिरीला हात लावू दिला न्हाई, त्याचा बाईनं आता वचपा काढला. हे ऐकलं आन माझं टाळकं सणकलं. मी तिथंच म्हणलं, "अमृतराव, मीबी तिथंच होतो. माझ्याकडंबी पोरानं पाणी मागितलं, मीबी दिलं न्हाई. मग मी कशाचा वचपा काढला?" तर सगळे हसले. तू आपला हाइस, म्हणले. बघा म्हणजे. विहिरी आपणच बंद केल्या, विसरलो न्हाई आपणच, आन बदल्याची भीतीबी आपल्यालाच.

पार्वतीबाईच्या कानावर ते गेलं. बौद्धवाड्यातली चार माणसं यायची, तीबी कमी झाली. त्यांना गावात शेतावर कामाला जावं लागतं, कशाला वाकड्यात शिरतील. प्रीतमचा फोन यायचा, आई दुकान बंद कर, इकडं ये. ती हो म्हणायची आन सकाळी परत येऊन स्टोव्ह पेटवायची. चहा उकळायचा, आटायचा, ती ओतून द्यायची, परत नवा ठेवायची. मी विचारलं, "कशाला ठेवता?" म्हणली, "बसून तर काय करू?"

पण तिला खरं खात होतं ते गाव न्हाई. एक दिवस माझ्या दुकानात येऊन उभी राह्यली. ती सहसा येत न्हाई.

"अप्पा, मला एकदा लातूरला नेता का? त्या मॅडमकडं."

"कशाला?"

"मला विचारायचंय. मी पाणी दिलं न्हाई ते बरोबर केलं का. पोरगं वाचण्यातलं होतं आन रस्त्यात उशीर झाला, असं म्हणल्या तर माझं मन शांत होईल. गावानं काय बी म्हणू दे. मला एकदा कळू दे."

मी म्हणलं, "आन तसं म्हणल्या न्हाई तर?"

ती म्हणली, "तरी कळू दे."

मोटरसायकलवर नेली. दवाखान्यात ही गर्दी, आमी बाहेर बसून राह्यलो. मॅडम आल्या तर त्यांच्या डोळ्याखाली काळं, पायात कसल्या तरी रबरी चपला. तरी बसल्या आमच्याजवळ. बोरगावचा अपघात म्हणल्यावर त्यांना लगेच आठवलं. त्या दिवशी एकदम एवढी माणसं आली की खाटा पुरल्या न्हाईत, म्हणल्या, बाहेरच्या फरशीवर सलाईन लावली. पार्वतीबाईनं वीरेशचं विचारलं. पट्टी नको, औषध नको, एवढंच सांगा म्हणली, पाणी न देऊन मी त्याला काही दिलं का.

मॅडमनं तिचा हात हातात घेतला. तिथंच मी समजलो.

"त्याचं यकृत फाटलं होतं," मॅडम म्हणल्या. "पोटात सगळं रक्त. तो अपघात आमच्या दवाखान्याच्या दारात झाला असता तरी मी खात्री दिली नसती. बोरगावहून तो पोचणारच नव्हता."

"मग पाणी?"

मॅडम खोटं बोलल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या तशा बाई न्हाईत. "आम्ही शिबिरात सांगतो ते वाचणाऱ्यासाठी असतं, पार्वतीबाई. जाणाऱ्याचे ओठ ओले केले, घोटभर दिलं, तर त्याचं काही बिघडत नाही. पण तो कोणता आणि हा कोणता, हे रस्त्यावर उभं राहून मलाही सांगता आलं नसतं. तुम्हाला कुठून येणार? आणि त्या दिवशी ज्यांना आम्ही थेट टेबलावर घेऊ शकलो, ती माणसं तुमच्यामुळं वाचली."

मॅडम आणखी लई बोलल्या. चांगलं बोलल्या. बाईनं फक्त घोटभर एवढंच ऐकलं. येताना चाकूरला मी गाडी थांबवली, उसाचा रस घ्या म्हणलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

आता मी काय केलं ते सांगतो, आन मला त्याचा पस्तावा न्हाई. त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या ओट्यावर गेलो. अमृतराव होता, सगळे होते. मी म्हणलं, "आज लातूरला जाऊन आलो. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं माहिताय? पाणी पाजलं असतं तर वीरेश जागच्या जागी गेला असता. पार्वतीबाईनं त्याला तेवढा जास्तीचा वेळ दिला, म्हणून आईला त्याचं तोंड बघायला मिळालं." ठोकून दिलं. बोलताना माझा आवाज असा खणखणीत लागला की मलाच खरं वाटलं.

गाव हळूच वळलं. पहिला अमृतरावच आला, निर्लज्ज. बाकड्यावर बसला आन "पार्वतीबाई, एक कडक टाका" म्हणला, जसा काही कालच येऊन गेला होता. मग दुसरे आले. एसटीची वाट बघणारी माणसं टेकायला लागली. पार्वतीबाईला काही कळेना. मला विचारलं, "अप्पा, हे कसं काय?" मी म्हणलं, लोकांचा राग किती दिवस टिकतो. तिनं नवे कप आणले. एकदा माझ्या पोराला कशावरून तरी हसली, किती दिवसांनी मी तिचे दात बघितले.

आन मग वहिनी आली.

गावातून पायी आली, डोक्यावर पदर. बाकड्यावर अमृतराव आन दोघंतिघं बसलेले. मी टायर खोलून राह्यलो होतो, हात तसेच ठेवले. वहिनी दुकानापुढं उभी राह्यली.

"पार्वतीबाई, मी तुला लई तळतळाट दिले. मला म्हाईत न्हवतं. पाणी पाजलं असतं तर तो तिथंच गेला असता म्हणं. तू धरलंस म्हणून मला दिसला तरी." तिनं हात जोडले. "मला माफ कर."

पार्वतीबाईनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं, नुसती मान हलवा, बाई, एवढंच. काय लागत होतं? वहिनीला समाधान, गावाला समाधान, हिचं दुकान चालू. मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

तिनं स्टोव्ह बंद केला. "कोण म्हणलं?"

"अप्पा भावजी म्हणले."

"न्हाई, महानंदाबाई. मॅडम तसं म्हणल्या न्हाईत. त्याच्या पोटात सगळं फुटलं होतं. तो राहणार न्हवता. पाणी दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तो वाचणारा का जाणारा ते मला कळलं न्हाई, म्हणून मी हात धरला."

अमृतरावानं अर्धा कप तसाच खाली ठेवला. हायवेवरून एक कंटेनर गेला. मला वाटलं वहिनी आता हिच्या तोंडात मारती.

"म्हणजे घोटभर दिलं असतं तर चाललं असतं," वहिनी म्हणली.

"हाव."

"आन तो गेलाच असता."

"हाव."

बाकड्यावरचे उठले. कोणी पैसे ठेवले, कोणी न्हाई, आन एकेक करून सगळे एसटीच्या निवाऱ्याकडं गेले. वहिनी मात्र त्या रिकाम्या बाकड्यावर बसली. उभ्या जन्मात ती तिथं बसली न्हवती.

"मी यायच्या आधी तो काय म्हणला?"

"पाणी म्हणला."

"आणखी?"

"थंडी वाजून राह्यली म्हणला. मी टॉवेल घातला."

"माझं नाव घेतलं?"

आता तरी, म्हणलं मी मनात. आता तरी एक शब्द खोटा बोल गं बाई, कोणाचं काय जातंय.

"न्हाई," पार्वतीबाई म्हणली. "पाणीच मागत होता."

वहिनीनं मान डोलावली. "घरी सगळे म्हणतात, आई आई करत गेला. त्याचे वडील म्हणतात, नणंदा म्हणतात. मी गाडीत पुढं बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं. आई म्हणला न्हाई तो." मग ती रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून, लई वेळ. पार्वतीबाई तिच्या समोर जमिनीवर बसली होती. तिनं वहिनीला हात लावला न्हाई आन ती उठलीबी न्हाई.

वहिनी गेल्यावर मी पाना आपटला. "एवढं मुंडकं हलवायला काय झालं होतं तुमाला?"

"ते गेले तेव्हा मला लोकांनी अशीच गोड बोलून ठेवली होती, अप्पा," ती म्हणली आन कप विसळायला बसली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई, मग माझं मलाच करमेना.

गाव परत यायचं बंद झालं. ह्या वेळी कायमचं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणतात, आता काय राह्यलं. माझ्या खोटं बोलण्याचं कोणी काढत न्हाई, कारण मी आपला. प्रीतमनंबी आता फोनवर चाकणचा विषय सोडला. सकाळपासून बाई एकटी बसते आन मी टायर खोलता खोलता तिच्याशी मोठ्यानं काहीबाही बोलत राहतो. ती हूं हूं करती.

पण दुपारी, गाव जेवून आडवं झालं की, वहिनी येती. रोज न्हाई, पण येती. घरात वीरेशचं नाव काढलं की सगळे उठून जातात म्हणं, टीव्ही लावतात. भिंतीवरचा फोटोबी तिच्या नवऱ्यानं आतल्या खोलीत नेला. ती येती आन बाकड्याच्या कडेला बसती. चहा घेत न्हाई. पाणी तर न्हाईच. माफ केलंय असंबी न्हाई, तोंडावरून मला दिसतं. पार्वतीबाई जमिनीवर बसती आन सांगती. दगडाला टेकून बसला होता. कपाळाला खरचटलं होतं. काकाकडं मागितलं, मग माझ्याकडं मागितलं. थंडी वाजली. तुमची जीप आली. रोज तेच, एक शब्द वाढवत न्हाई, एक गाळत न्हाई. ऐकून झालं की वहिनी पदर सारखा करून निघून जाती.

मागच्या आठवड्यात ऊन लई होतं, वहिनीचे ओठ सुकलेले दिसले. मी माझ्या माठातलं पाणी ग्लासात घेऊन गेलो. म्हणलं, वहिनी, माझ्याकडचं हाय, घोटभर घ्या. तिनं ग्लासकडं बघितलं न्हाई आन माझ्याकडंबी न्हाई. पार्वतीबाईकडं तोंड करून म्हणली, "सांग. मी यायच्या आधीपासून सांग."